मोठी खिडकी

“अजून तुम्ही आलाच नाहीत,” असं ताई समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणायच्या. गिऱ्हाईक स्टुलावर ताठ बसलेलं, तोंडाला पावडर, श्वास रोखून धरलेला. ते गोंधळून इकडेतिकडे बघायचं, आलोय की मी, असं काहीतरी पुटपुटायचं. तेवढ्यात त्याचे खांदे सैल पडायचे आणि ताई बटण दाबायच्या.

देवासला टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा छोटासा फोटो स्टुडिओ होता. यजमान गेल्यावर तो त्यांनीच चालवला. मराठी, हिंदी आणि माळवी त्या एकाच वाक्यात बोलायच्या, पुरुषांना भिया म्हणजे भाऊ म्हणायच्या आणि गाव त्यांना ताई म्हणायचं. असं माणूस तुमच्याही गावात असेल. परीक्षेच्या फॉर्मपासून पेन्शनच्या कागदापर्यंत आपला चेहरा त्याच्या हातून गेलेला असतो, पण त्याचा चेहरा आपण कधी नीट पाहिलेला नसतो.

मी पाहिला तो माझा कॅमेरा मिरवायला गेलो म्हणून.

पन्नाशी गाठल्याच्या आनंदात मी फुल-फ्रेम डीएसएलआर घेतला होता. बायकोने विचारलं, “याने नेमकं काय काढणार?” मी म्हणालो, “प्रकाश.” हे उत्तर मी इंटरनेटवर एकाला देताना ऐकलं होतं. मग दोन महिने मी गच्चीवरचा झेंडू काढला. विमा ऑफिसातल्या माणसाकडे दुसरं काय असणार?

कॅमेरा गळ्यात अडकवून मी स्टुडिओत गेलो. ताईंनी सगळे झेंडू शांतपणे पाहिले. “चांगला बसलाय हो,” म्हणाल्या. “हलला नाही जरापण.”

मग मी त्यांना फुल-फ्रेम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आतलं सेन्सर जुन्या फिल्मच्या निगेटिव्हएवढं मोठं असतं, वगैरे. ज्या बाईने वीस वर्षं अंधाऱ्या खोलीत फिल्म धुतली, तिला मी निगेटिव्ह केवढी असते ते बोटांनी दाखवत होतो. त्या “अस्सं?” म्हणाल्या, आणि माझा कॅमेरा डोळ्याला लावून बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. फोटो एकही काढला नाही.

“मोठी खिडकी आहे भिया तुमची,” डोळा लावायच्या काचेवर बोट ठेवून एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागलो. दर वेळी त्या म्हणायच्या, “जरा बघू द्या,” आणि डोळा लावून रस्ता न्याहाळायच्या. मला वाटायचं, त्यांना माझ्या कॅमेऱ्याचा हेवा वाटतो. या समजुतीत माझे कितीतरी रविवार फार सुखात गेले.

धारला माझ्या आत्याचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं तेव्हा फोटोग्राफर बोलवू नका, असं मी सगळ्यांना बजावलं. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, “मी येऊ? बॅग धरीन.” इंदूरला बस बदलून आम्ही धारला पोचलो. वाटभर बॅग खरंच त्यांच्या मांडीवर होती.

आत्या जुन्या वळणाची, स्पष्ट बोलणारी. खुर्चीत बसता बसता तिने मला सांगितलं, “हा फोटो मागाहून भिंतीवर लावायचाय. परत बसायला मी असेन, नसेन. नीट काढ.”

लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की पार्श्वभूमी लोण्यासारखी विरघळते, हे मी वाचलं होतं. तसंच ठेवून मी तिला कधी खिडकीपाशी, कधी तुळशीपाशी बसवलं. पाऊण तासाने स्क्रीनवर बघतो तर प्रत्येक फोटोत आत्याच्या नाकातली चमकी झगझगीत आणि डोळे धुक्यात. शिवाय सगळ्यांत तिचा एकच चेहरा होता, दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा.

“झालं का रे?” आत्याने विचारलं. तिचे पाय सुजले होते.

“जरा देता?” मागून ताई म्हणाल्या.

त्यांनी स्टूल ओढून घेतलं, दोन बटणं फिरवली आणि कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. मग नेहमीचं वाक्य म्हणाल्या.

“इथंच आहे मी, ऐंशी वर्षं,” आत्या फणकारली.

“इथं म्हणजे धारला. खुर्चीत कुठं?”

आत्या खुदकन हसली. हसू ओसरताना तिचा चेहरा जसा झाला, तसा मी लहानपणी तिच्या मांडीवरून पाहिलेला होता. कॅमेऱ्याचा एकच आवाज आला. “उठा आता,” ताई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, “ताई, डावा डोळा?”

“उजवा गेला. काचबिंदू. डाव्यालाही आता माझ्या कॅमेऱ्याची छोटी खिडकी पुरत नाही, अंधारी आहे ती. त्याचा ऑटोफोकसही बंद पडलाय. महिन्यात तीन फोटो फॉर्मवरून परत आले. तुमच्यातून माणूस दिसतो.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “पुण्याला लेकीला बोलू नका. उद्याच येऊन घेऊन जाईल.”

खरं तर मी तिथंच म्हणायला हवं होतं, की कॅमेरा ठेवा तुमच्याकडे. नाही म्हणालो. चार दिवस मी विचार केला. काचेवर ओरखडा पडला तर, स्टुडिओत धूळ असते, असल्या मुद्द्यांवर मी स्वतःशी कडाक्याचा वाद घातला. शेवटी कपाट उघडलं. दमट हवा शोषणाऱ्या पुड्यांमध्ये कॅमेरा दुलई पांघरून झोपला होता. माझी मलाच लाज वाटली.

कॅमेरा स्टुडिओत नेऊन दिला तेव्हा “रविवारी तुमचा,” अशी अट त्यांनीच घातली.

पुढचे आठ-नऊ महिने आमच्या भागातले पासपोर्ट फोटो फुल-फ्रेम कॅमेऱ्यातून निघाले. रविवारी कॅमेरा घरी आला की मी झेंडू सोडून त्यांनी काढलेले चेहरे बघत बसायचो. टोंकखुर्दहून आलेला शेतकरी, नोकरीच्या मुलाखतीला निघालेली मुलगी, पेन्शनवाले आजोबा. सगळे खुर्चीत आलेले होते. त्यांच्या शेजारी माझे फोटो ठेवायची हिंमत होईना, म्हणून मी ते पुसून टाकले. बायको म्हणाली, पहिल्यांदाच काहीतरी चांगलं केलंत त्या कॅमेऱ्याने.

एका शनिवारी ताईंनी निरोप धाडून मला बोलावलं. पुण्याची लेक आलेली होती, सामान बांधलेलं होतं. कॅमेरा पुसून, पट्टा गुंडाळून टेबलावर ठेवला होता.

“अंधत्वाच्या दाखल्याला फोटो लागतोय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही काढा.” आणि त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

मी कॅमेरा डोळ्याला लावला. खिडकीतून मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्याही माझ्याकडे, म्हणजे माझ्या अंदाजाने, बघत होत्या. लेक दारात पाठ करून उभी होती. मी एकदाच बटण दाबलं.

“दाखवा.”

स्क्रीन त्यांनी डाव्या डोळ्याला जवळजवळ टेकवली. पूर्ण चेहरा त्यांना एकदम दिसत नव्हता. म्हणून त्या कॅमेरा हळूहळू सरकवत गेल्या. कपाळ, मग भुवई, मग एक गाल.

“केस फारच पिकले की,” म्हणाल्या. कॅमेरा आणखी थोडा सरकला. हनुवटीपाशी येऊन थांबला. “आलेय की मी,” म्हणाल्या.