मोहिनी गावितचं चौथं प्रकरण

मोहिनी गावित म्हणजे भलतीच खमकी बाई. नाशिकच्या कॉलेजात इतिहास शिकवायची, रविवारी चर्चला जायची, आणि या दोन गोष्टींची तिला कधी अडचण झाली नाही. अडचण व्हायची ती बाकीच्यांना.

पेठकडच्या एका जुन्या मिशनशाळेवर तिनं पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. तीन वर्षं शाळेची दप्तरं चाळली. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात तिथं ठेवलेली पोरं न्यायला आईबाप परत आले, तेव्हा मिशननं ती दिली नाहीत, असं तिनं चौथ्या प्रकरणात पुराव्यानिशी मांडलं. झालं! तिचे वडील बुधा गावच्या चर्चात प्रार्थना चालवायचे. त्यांनी बोलणंच टाकलं. ज्या मिशननं आपल्याला अक्षर दिलं तिचीच बदनामी करतेस, ते प्रकरण काढ, असा निरोप तेवढा आला.

इकडे तिच्या मार्गदर्शकांचं तिसरंच. प्रस्तावनेत तिनं लिहिलं होतं, ‘मी ख्रिस्ती आहे, प्रार्थना करून कामाला बसते.’ एवढं वाक्य गाळा, नाहीतर प्रबंध परत येईल, असं सर म्हणत होते. म्हणजे अख्खी मोहिनी कुणालाच नको होती. पण तिनं एक अक्षर गाळलं नाही. कौतुक करावं ते यासाठी!

२००३ साली मौखिक परीक्षा झाली. ती खुली असते, कुणीही येऊन प्रश्न विचारावा. विचारत मात्र कुणी नाही, सगळ्यांचं लक्ष समोशांकडे. परीक्षकांनी सरळच विचारलं, की श्रद्धाळू माणूस निःपक्ष कसा राहणार?

“सर, खोटं बोलू नये ही मला देवाची आज्ञा आहे,” मोहिनी म्हणाली. “म्हणूनच चौथं प्रकरण लिहावं लागलं. पुरावे तुमच्यापुढे आहेत, तपासा.”

मग अध्यक्षांनी रिवाज म्हणून विचारलं, आणखी कुणाला काही विचारायचंय का. मागच्या रांगेतून बुधा उठले. ते आलेत हेच मोहिनीला ठाऊक नव्हतं. आता चारचौघांत प्रकरण मागे घ्यायला सांगतील, आणि बापापुढे आपली जीभ उचलायची नाही, या भीतीनं तिनं टेबल घट्ट धरलं.

“माझी आजी त्याच शाळंत वाढली,” बुधा म्हणाले. “आई मला न्यायला आलीच नाय, असं ती मरंस्तोवर सांगायची. आली होती का तिची आई?”

“आली होती, बाबा. चार वेळा. दप्तरात नोंद आहे. चिमणाबाई नाव तिचं.”

बुधा खाली बसले. पिशवीतून त्यांनी घरचं बायबल काढलं आणि घराण्याची नावं लिहायच्या पानावर, आजीच्या नावाच्या वर, सावकाश लिहिलं: चिमणाबाई.