रिकाम्या पट्ट्या

निवृत्त होऊन मांडवीला राहायला आलो, तेव्हापासून माझे सत्कार वाढले आहेत. शाली साठत चालल्या, पण रत्नागिरीच्या हवेत त्यांचा उपयोग फक्त कसरीला. परवाच्या सत्कारात वक्ते म्हणाले, मी क्षयाच्या जंतूला गुडघे टेकायला लावले. जंतूला गुडघे नसतात. मला आहेत, आणि ते दुखत होते. खुर्चीत बसल्या बसल्या मला देवरूखजवळच्या एका वाडीतली बाई आठवली.

माझा तो शेवटचा अभ्यास. क्षयाच्या गोळ्यांचा नेहमीचा डोस आपल्या लोकांना पुरतो का, एवढंच बघायचं होतं. दर चौदा दिवसांनी रुग्णाने यायचं, रक्त आणि थुंकी द्यायची, संपलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या दाखवायच्या. औषधाने लघवी नारिंगी होते, तीही आम्ही बघत असू. ही बाई सगळ्यांत नेटकी. तिच्या पट्ट्या चक्क धुतलेल्या असत, वर रबरबँड. रक्तात औषध दर वेळी सापडे, लघवी नारिंगी. थुंकीतले जंतू मात्र तीन महिने झाले तरी हलेनात आणि वजन उतरत चाललेलं.

असा रुग्ण भेटला की शास्त्रज्ञाला वाईट वाटण्याआधी आनंद होतो. हे मी कुठल्याच भाषणात सांगितलेलं नाही. डोस कमी पडतो याचा जिवंत पुरावा माझ्यासमोर स्टुलावर बसून खोकत होता. मनातल्या मनात मी निबंध अर्धा लिहून काढला आणि डोस वाढवायचं ठरवलं.

"बाई, गोळ्या वाढवाव्या लागतील. कावीळ होण्याची भीती असते, म्हणून दर आठवड्याला या."

"वाढवताय?" तिचा चेहरा खुलला. "बरं झालं. आता दोघांना पुरतील."

"कुठल्या दोघांना?"

"मला नि ह्यांना."

नवरा मुंबईत, गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. त्यालाही खोकला होता. क्षय म्हणून कळलं असतं तर खोलीतली जागा गेली असती, म्हणून तो दवाखान्यात जात नव्हता. तेव्हा तिने एक दिवस आपला, एक दिवस त्याचा, अशी वाटणी केली. भरलेल्या पट्ट्या मुंबईला जाणाऱ्या कुणाबरोबर तरी सुकटीच्या पिशवीतून जात आणि रिकाम्या तशाच परत येत.

"रिकाम्या कशाला मागवायच्या?"

"तुमी मोजता ना. वास यायचा, म्हणून धुवायची."

दिवसाआड घेताना दर चौदाव्या दिवशी तिचीच पाळी येत असे, त्यामुळे रक्त आणि लघवी दोन्ही माझ्या बाजूने साक्ष देत.

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुमी ह्यांचं नाव लिवलं असतंत."

लिहिलं असतंच. डोस वाढवायचा बेत रद्द केला आणि अर्धवट औषधाने जंतू निर्ढावतो, हे तिला सांगत बसलो. जन्मभर जे परिषदांमध्ये सांगितलं, ते इथे पहिल्यांदा कुणी डोळे न मिटता ऐकलं. तिने तिथूनच नवऱ्याला फोन केला.

आठवड्याभराने तो आला. बायकोपेक्षाही वाळलेला.

"पाठवलेल्या गोळ्या सगळ्या घेतल्यात?" मी विचारलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. "खोलीत अजून एक जण खोकतो. अधनंमधनं त्याला दिल्या."

"मी तोंडातलं काढून पाठवतेय," ती म्हणाली, "नि तुमचा तिकडं दानधर्म."

"आपल्याच वाडीतला हाय गं."

त्या तिसऱ्याचा फोन नंबर मी घेतला. तपासण्यांचे निकाल यायला वेळ लागला. नवऱ्याचे जंतू अजून औषधाला दाद देत होते. तिचे मुख्य औषधाला दाद देईनासे झाले होते. तिला पहिल्यापासून सुरुवात, वेगळ्या गोळ्या, जास्त महिने. माझ्या तक्त्यातून तिची ओळ काढावी लागली. उरलेल्यांवरून निष्कर्ष निघाला की नेहमीचा डोस पुरतो. परवाचा सत्कार त्या निष्कर्षाबद्दल होता.

तो मुंबईला परत निघाला त्या दिवशी मी दोघांची दोन पाकिटं टेबलावर ठेवली. तिने दोन्ही उचलून पाहिली.

"ह्यांच्या गोळ्या आता मला चालायच्या नाहीत?"

"नाही."

"नि माझ्या ह्यांना?"

"मुळीच नाही."

तिने पाकिटं खाली ठेवली. "मग मी ह्यांना देऊ काय?"

"सुकट दे," तो म्हणाला.