नीट गुंडाळलेली वायर

आमच्या कॉलनीत अजून काही जण समजतात, की फायबरची जोडणी करायला येणाऱ्या त्या माणसाला काम येत नव्हतं. त्याला काम येत होतं. हे आधीच लिहून टाकतो, कारण मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, आणि या प्रकरणात तर मी सगळा उन्हाळा घालवला.

मी अमरावतीत टेलिफोनचा लाइनमन होतो. तांब्याच्या तारेवर तेहतीस वर्षं काढली. माझ्या जोडांबद्दल कुणी फार बोललं नाही, पण उरलेली तार मी वेढ्याला वेढा लावून अशी घट्ट गुंडाळायचो, की तपासणीला अकोल्याहून आलेले साहेब ती हातात घेऊन बघायचे. माणसाला अभिमान बाळगायला एवढंही पुरतं.

घरात फायबर आलं ते सुनेमुळे. मुलगा रोज गाडीनं अकोल्याला नोकरीवर जातो आणि सून घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. जुनं इंटरनेट रडत का होईना, चालायचं. नवं आलं आणि दुपारी मान टाकू लागलं. इंटरनेटच्या डब्यावर लाल दिवा लागायचा, सून खोलीच्या दारात येऊन म्हणायची, "बाबा, गेलं." आवाज असा, की शेजारच्या बाईनं एकदा धावत येऊन विचारलं, कोण गेलं.

जोडणी करून गेलेला माणूस चाळिशीचा, बाळापूरकडचा. लागोपाठ तीन हंगाम कपाशीनं दगा दिला तेव्हा शेत भावाच्या हवाली करून तो अमरावतीत आला आणि या वयात हे काम शिकला. हात स्वच्छ, बोलणं कमी. पण उरलेली वायर त्यानं खिडकीजवळच्या खिळ्याला सैल वेटोळं करून टांगली होती. परातीएवढं वेटोळं. मला ते बघवेना. म्हशीचा दोरसुद्धा माणसं यापेक्षा नीट ठेवतात. तो फाटकाबाहेर पडताच मी स्टूल घेतलं, वेटोळं सोडलं, दोन बोटांवर घट्ट गुंडाळलं, दोऱ्यानं आवळलं आणि खिडकीच्या गजाला बांधून टाकलं. कूलरही त्याच खिडकीत होता. दुपारी तो सुरू झाला की गज थरथरायचे.

सुनेनं तक्रार केली. तो येणार म्हटल्यावर मी घाईघाईनं दोरा कापला आणि वायर पुन्हा त्याच्यासारखी सैल टांगून ठेवली. यात लबाडी नव्हती. माझ्या जोडणीला ग्राहकानं हात लावलेला दिसला, की मी ओट्यावर उभा राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचो. कारागिराचा अपमान कसा होतो हे मला माहीत होतं, म्हणून तो टाळला. तो गेला की पुन्हा बांधायचो.

"काकाजी, वायरीतला उजेड तं एकदम बरोबर येऊन राह्यला," तो मीटर बघून म्हणायचा.

"मंग दुपारी काहून जाते?"

"तेच तं समजून नाई राह्यलं."

पहिल्या खेपेला त्यानं वायरीचं टोक बदललं, दुसऱ्या खेपेला डबा. तिसऱ्या खेपेला खांबापासून घरापर्यंत अख्खी नवी वायर ओढली, तीही वैशाखाच्या उन्हात. मी सावलीत बसून सूचना देत होतो.

समोर राहणारे चाचा कूलर बनवतात. आमची जुनी दोस्ती आहे. त्यांनी विचारलं, "क्या लाइनमनसाब, बीमारी क्या है?"

"जोड कच्चा हाय," मी म्हणालो. "शेतातून उठून आलेला माणूस. त्याले तारेतलं काय समजते?"

तेहतीस वर्षांचा अनुभव बोलला म्हटल्यावर चाचांनी ते खरं मानलं. तो जोडणीवाला त्यांच्याकडे नव्या कनेक्शनचं विचारायला गेला तेव्हा त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि गल्लीतही सगळ्यांना सांगितलं.

चौथ्या खेपेला तो थकून खुर्चीत बसला. पाणी प्यायला. मग पिशवीतून वायरीचा एक तुकडा काढला आणि त्याच्या एका टोकाला लाल उजेडाची छोटी बत्ती लावली. दुसऱ्या टोकाला लख्ख लाल ठिपका दिसला.

"आता पाहा," म्हणत त्यानं तुकडा बोटाला गुंडाळला. ठिपका मंद झाला आणि बोटाभोवतीचे वेढेच लाल दिसू लागले. "तांब्याची तार कशीबी मुरडा, करंट जाते. हा उजेड हाय, काकाजी. लय घट्ट वळवला का वळणावरच सांडते. त्यात थोडासा हलला, का खेल खतम. म्हून मी मोठ्ठं वेटोळं ठेवतो."

मी खिडकीकडे बघितलं नाही. "असं का," म्हणालो.

जाता जाता तो म्हणाला, "एकाच घरून चार तक्रारी झाल्या. अजून एक आली का मले धारणीले टाकतात. पोरगी दहावीले हाय, बायको दिवसभर दवाखान्यात कामाले. मी तिकडं मेळघाटात खांब शोधत फिरलो, तं घरी पाहीन कोन?"

त्या दिवसापासून मी वायरीला हात लावला नाही. नेट सुतासारखं सरळ झालं. मला वाटलं, पाप गुपचूप धुतलं गेलं. पण फायबरच्या कंपनीनं सुनेला मोबाइलवर विचारलं, आमची सेवा कशी वाटली? तिनं एक तारा दिला आणि खाली लिहिलं, "एका वायरीसाठी चार खेपा." ती पाचवी तक्रार धरली गेली.

त्याचा फोन आला. "काकाजी, सोमवारी धारणी. एक विचारू का? तुमी या लाइनीतले. माह्या कामात काय चुकलं ते सांगा, तिकडं तरी तसं करनार नाई."

मी फोनमध्ये खोकलो. खरोखर खोकलो, आणि फोन ठेवला.

मग कंपनीच्या नंबरवर फोन लावला. नव्या कनेक्शनसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा. चूक आपलीच असेल तर काय दाबायचं हे त्यात नव्हतं. मी दोन दाबलं आणि फोनवर आलेल्या बाईंना सांगितलं, दोष माझा आहे, त्या माणसाचा नाही. त्या म्हणाल्या, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, आपली तक्रार नोंदवली आहे. म्हणजे सहावी.

शुक्रवारी त्या कंपनीच्या ठेकेदाराच्या ऑफिसात गेलो. सोबत रीतसर अर्ज, तीन प्रतींत. टेबलावरच्या बाईंनी तो वाचलाही नाही.

"काकाजी, तक्रार मागं घेता येते, पन अर्ज नाई चालत. ओटीपी लागते. कनेक्शन कोनाच्या नावानं हाय?"

कनेक्शन सुनेच्या नावावर होतं. मी तिला तिथूनच फोन लावला.

"बेटा, तुझ्या मोबाइलवर एक नंबर आला असन. तेवढा सांग."

"बाबा, कुठं हायेत तुमी? कोन उभं हाय तुमच्याजवळ?"

"कोनी नाई. तू नंबर सांग."

"ओटीपी कोनालेच सांगायचा नाई, हे तुमीच मले शिकवलं. कशाचा हाय तो? तुमाले कोनी धमकावून राह्यलं का?"

टेबलावरच्या बाई बघत होत्या. बाकावर बिल भरायला आलेले दोघे होते, तेही बघत होते.

"तक्रारी मागं घ्यायच्या हायेत," मी म्हणालो. "वायर मी गुंडाळत होतो."

"कोनती वायर?"

"खिडकीजवळची. तो यायच्या आधी सोडायचो. तो गेला का बांधायचो. त्यानंच नेट जात होतं."

"चारही बार?"

"चारही."

मग तिनं आकडे सांगितले, एकेक, सावकाश, लहान मुलाला सांगतात तसे. मी ते मोठ्यानं म्हटले. बाकावरच्या एकानं दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. घरी आलो तेव्हा सुनेनं आमचं स्टूल माळ्यावर टाकलेलं होतं.

रविवारी त्याचा फोन आला. धारणी रद्द झाली होती. ऑफिसातून त्याला सगळं कळलं होतं. मी माफी मागायला लागलो तर म्हणाला, "ते राहू द्या, काकाजी. समोरच्या चाचाले सांगा. तुमच्या गल्लीत मले कोनी दारात उभं नाई करून राह्यलं."

चाचा कूलरच्या जाळीत गवत भरत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हात झाडले.

"और मैं पूरे मोहल्ले को बोल के बैठा," ते म्हणाले. "चलो, उठो. अब वापस भी बोलना पड़ेंगा."

आम्ही दोघं संध्याकाळी घरोघर गेलो. बोलायचं मी, आणि मी बोलण्याची गाडी दुसरीकडे वळवली की कोपरानं ढोसायचं चाचांनी. अकरा घरं झाली. चार घरांना कुलपं होती, माणसं लग्नसराईत गावाला गेलेली. ती परत आली तोवर माझा धीर गेला होता, आणि त्या चार घरांत तो माणूस अजून अनाडी आहे. हा कागद मी त्या चार घरांसाठी लिहिला आहे. चाचा म्हणतात, दारातून आत सरकवायची जबाबदारी त्यांची.