गाडी कुठं वाजते

आमची छोटी गाडी चालताना कुठंतरी वाजत होती आणि माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, ते ऐकू येत नव्हतं. गाडीचं काय करायचं ते मिस्त्री बघणार होता. अण्णांचं काय करायचं, हे मात्र मला नि मायला कळत नव्हतं. कारण गाडी तेच चालवायचे, मागून ट्रकचा हॉर्न वाजत असला तरी निवांत रस्त्याच्या मधून. एक दिवस काहीतरी होणार, या धास्तीनं मी मागच्या सीटवर अंग चोरून बसायचे.

वाळूजच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये, त्यांची सगळी नोकरी झाली. पत्र्यावर प्रेस पडायचा, त्याचा दणका दिवसभर कानावर. कानात घालायला बोंडं मिळत, ती यांच्या खिशातच राहायची. निवृत्त झाल्यावर घरातल्या टीव्हीचा आवाज मोठा झाला आणि आम्ही आवाज चढवला की ते डाफरायचे, "वरडू नका. बहिरा नाय मी." मग आम्ही हळूच बोलायचो आणि तेच तेच पुन्हा बोलायचो. त्यांच्या बहिरेपणापेक्षा त्यांचा मान सांभाळायचा हा खटाटोप मला जास्त दमवायचा. राग यायचा, पण तोही हळू आवाजात काढावा लागे.

दौलताबादच्या पुढं मामाचं गाव. एका रविवारी तिकडून परतताना माय म्हणाली, "कायतरी टकटक करतंय."

अण्णांनी नेमकं ते ऐकलं. "तुझ्या डोक्यात करत असंल."

टकटक मलाही ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी मी गाडी गॅरेजला न्यायला निघाले, तर आवाज नाही हे सिद्ध करायला अण्णाही बरोबर आले. मिस्त्री जुन्या ओळखीचा. तो एकटाच बसून एक सुसाट चक्कर मारून आला. "कुछ बी नै चाचा, मक्खन चलरी गाडी." मी हट्टच धरला, तेव्हा त्यानं चाकामागचा लिंक रॉड बदलून दिला. छोटी गाडी टकटकली की लिंक रॉड, हे त्याचं ठरलेलं होतं. घरी येताना अण्णाच चालवत होते; पहिल्याच खड्ड्यात गाडी पूर्वीसारखीच टकटकली आणि अण्णा समाधानानं म्हणाले, "बघ, गेला का नाय आवाज?"

मला हसावं की रडावं कळेना. मी बाहेर बघत बसले.

गॅरेजच्या पुढच्या खेपेला माय आमच्याबरोबर आली. ती मेंढरं राखणाऱ्यांच्या घरची. लहानपणी कळपामागून चालताना कुठलं जनावर लंगडतंय हे तिला गळ्यातल्या घंटीवरून कळायचं, असं ती सांगते. अण्णा म्हणाले, "माझी गाडी मीच चालवणार." त्यांच्या शेजारी मिस्त्री बसला, मागे आम्ही दोघी.

"हळू घ्या जरा," माय म्हणाली. "पळत्या कळपात लंगडं ध्यानात येत नाय."

अण्णांना अर्थातच ते पोचलं नाही. मिस्त्रीनं मोठ्यानं सांगितलं, "चाचा, चाची धीरे चलाव बोलरे." परक्याच्या ओरडण्याचा त्यांना राग येत नसे. गाडी हळू करत ते म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकू नको."

"शेळ्या मीच हाकल्यात. उंटावर तुम्ही होता," माय पुटपुटली. मिस्त्री खुदकन हसला.

आधी तिला वाटलं, आवाज उजवीकडून येतो. मग तिनं माझ्याशी जागा बदलली, डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाली, "डावीकडं, पुढं. चाक खड्ड्यात पडताना नाय वाजत, वर निघताना वाजतंय."

मिस्त्रीनं गाडी थांबवायला लावली आणि बॉनेट उघडलं. डाव्या चाकाचा धक्के झेलणारा शॉकअप वर जिथं बॉडीला बसतो तिथं त्यानं तळहात ठेवला आणि मला गाडी दाबून सोडायला सांगितलं. मग तो बाजूला झाला. "चाचा, हाथ रखो इधर." अण्णांनी हात ठेवला. मी गाडी दाबली, सोडली. पुन्हा दाबली.

"हाताला लागतंय," अण्णा म्हणाले. मी पुन्हा दाबली तरी त्यांनी हात काढला नाही.

शॉकअपच्या माथ्यावरचं रबर फाटलं होतं. दुपारपर्यंत नवीन बसलं आणि आम्ही तिघं तशीच गाडी दौलताबादच्या रस्त्याला काढली. आता अण्णा प्रत्येक खड्ड्याला आरशातून मायचं तोंड बघत होते. ती मान हलवून नाही म्हणायची. मिटमिटा गावाच्या पुढं एक ट्रक मागे लागला. तो हॉर्नवर हॉर्न देत होता आणि आमची गाडी रस्त्याच्या मधोमध चालली होती. मायशेजारी बसलेल्या मी सीटची कड घट्ट धरली. शेवटी तो डावीकडून अगदी घासून पुढं गेला आणि ड्रायव्हरनं खिडकीतून हात हलवत शिवी दिली. अण्णांना दिसला तो फक्त त्याचा हात.

त्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली. मग मागे वळून मायला विचारलं, "किती येळ वाजवत होता?"

"लई येळ," माय नेहमीसारखी हळूच म्हणाली.

"काय?"

"लई येळ."

अण्णा तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वरडून सांग."

मायनं वरडून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, उतरले, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. स्वतः पुढं डावीकडं जाऊन बसले. मी गाडी सुरू केली. मला सुटल्यासारखंही वाटत होतं आणि वाईटही.

पहिल्या खड्ड्याला त्यांनी विचारलं, "वाजलं का?"

"नाय," माय मागून मोठ्यानं म्हणाली. घरी पोचेपर्यंत ते विचारत राहिले आणि ती तेवढ्याच मोठ्यानं सांगत राहिली.