मॅडमचा नवरा

रस्त्याच्या मधोमध थांबायचं, उजव्या हाताचं बोट वर करायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "ऐका!"

ऐन संध्याकाळी स्टेशन रोडवर असं कोणी केलं, तर मागून काय काय ऐकू येतं ते मी इथे लिहिणार नाही. त्या वर्षी तुम्ही जालन्यात असाल, तर तुम्हीही हा देखावा पाहिला असेल. सहा फुटांचा लालबुंद म्हातारा, गुडघ्यापर्यंतची चड्डी, बाजारातून घेतलेली पांढरी टोपी, आणि मागे थांबलेल्या रिक्षा. रिक्षावाले आधी चिडायचे. मग सवय झाली. एखादा विचारायचा, "काय ऐकू आलं, साहेब?" तो इंग्रजीत सविस्तर सांगायचा. रिक्षावाला "बिलकुल बराबर" म्हणून निघून जायचा.

तो जर्मनीतला ऑपेराचा संगीतकार होता. तिकडे मोठं नाव. गल्लीत मात्र त्याला सगळे 'मॅडमचा नवरा' म्हणत. मॅडम म्हणजे त्याची बायको. ती बियाण्यांवर संशोधन करणारी. आमच्या ह्यांच्या कंपनीत एका हंगामापुरती आली होती, आणि वरचा मजला रिकामा म्हणून आम्ही त्यांना भाड्याने दिला. मॅडम सकाळी जीपमध्ये बसून मक्याच्या प्लॉटवर जायच्या. हा घरी. गल्लीतल्या बायकांच्या लेखी प्रश्न संपला होता: बाई कमावते, बाप्या बसून खातो.

मी ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला मी त्याला अहो-जाहो करत होते. पण माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, पहिल्याच दिवशी त्याला "काय रे, जेवला का?" असं विचारलं. सासू अरे-तुरे करतेय आणि सून अहो-जाहो, हे फार दिवस चालत नाही. तोही माझं ऐकून त्यांना 'आत्याबाई' म्हणायला लागला. ते नातं नाही, नाव आहे अशीच त्याची समजूत होती.

"हा करतो काय?" आत्याबाईंनी मला विचारलं.

"गाऊन नाटक करतात ना, तसली नाटकं लिहितो. गाण्यांसकट."

"म्हंजे तमाशा."

"तमाशा नाही हो. सगळंच गाऊन. भांडण, लग्न, मरण, सगळं."

"मरताना बी गातेत?"

"हो."

"मंग मरतेत कधी?"

मी हे त्याला सांगितलं. तो इतका हसला की टोपी पडली. म्हणाला, "हाच प्रश्न मला तिकडे सगळे विचारतात. फक्त तिकीट काढून."

त्याची कारकीर्द मला तुकड्या-तुकड्यांनी कळली, बहुतेक मोसंबीच्या रसाच्या गाड्यावर. बाप नळ-पाइपांची कामं करणारा. पहिल्या ऑपेरात ह्याने नायिकेला एकच अक्षर इतका वेळ म्हणायला लावलं, की मध्यंतरापर्यंत अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. शेवटपर्यंत बसला तो बाप. पडदा पडल्यावर त्याने विचारलं, "वाद्यं तर लावून झाली, आता सुरू कधी करणार?" दुसऱ्या ऑपेरात गाणाऱ्यांना शीतगृहात नेऊन बसवलं, त्यांच्या तोंडून वाफ निघते ती दिसावी म्हणून. मुख्य गायकाला न्यूमोनिया झाला. वर्तमानपत्रांनी धुऊन काढलं. पुढे त्याच वर्तमानपत्रांनी त्याच ऑपेराला थोर म्हटलं. "मधल्या काळात मी काहीच बदललं नव्हतं," तो म्हणायचा. "त्यांचे संपादक म्हातारे झाले होते."

शैली विचाराल, तर लोकांना जिथे गोड सूर हवा असतो नेमका तिथेच तो देत नसे. व्हायोलिनवाल्यांना वाद्य खाली ठेवून नुसता श्वास घ्यायला सांगायचा. ढोलाऐवजी दाराची कडी. मी म्हटलं, "ह्याला आमच्याकडे त्रास देणं म्हणतात." तो म्हणाला, "आमच्याकडेही. पण सरकार अनुदान देतं."

जालना त्याला फार आवडलं. गावाला हे ऐकून धक्काच बसला असता. त्याच्याकडे काडेपेटीएवढं रेकॉर्डिंगचं यंत्र होतं. ते शर्टच्या खिशात घालून तो भटकायचा. एकदा लोखंडी कांबी बनवणाऱ्या एका रोलिंग मिलच्या फाटकाबाहेर कान लावून उभा राहिला. वॉचमनला वाटलं जीएसटीवाले आले. आतून मॅनेजर धावत आला, खुर्ची आली, चहा आला, काजू आले. हा म्हणाला, मला फक्त कांब पडतानाचा आवाज ऐकायचाय. मॅनेजरला ही नवीन पद्धतीची धाड वाटली. त्याने घाबरून पुन्हा पुन्हा कांबी पाडून दाखवल्या. संध्याकाळी हा आनंदाने नाचत घरी आला: "ती कांब माझ्या नायिकेपेक्षा सुरात आहे!"

खरा गोंधळ झाला तो नळावरून. आमच्याकडे नळ आठवड्या-दहा दिवसांनी येतो आणि आला की गल्लीत युद्ध सुरू होतं. पाणी येण्याआधी पाइपातून हवा येते, सूंऽऽ करत. ह्याला तो आवाज हवा होता. पण शेजारच्या मंगलबाईंनी मोटर लावली होती. हा शांतपणे त्यांच्या अंगणात गेला आणि बटण बंद करून आला. नळ चालू असताना! मंगलबाई कळशी घेऊन बाहेर आल्या. त्या काय म्हणाल्या त्याचं भाषांतर त्याने माझ्याकडे मागितलं. मी म्हटलं, "त्या म्हणताहेत, तुमचं स्वागत आहे." त्याने बोट वर केलं. "ऐका! काय दम आहे ह्या बाईच्या फुप्फुसात!"

हसण्यावारी चाललं होतं सगळं. मग आत्याबाईंचा धाकटा भाऊ वारला.

त्यांचं माहेर अंबड तालुक्यात. मेंढरं राखणारं घर, आता थोडी शेती. सकाळी फोन आला. आमची गाडी दुरुस्तीला, तर मॅडमनी जीप दिली. हाही बरोबर बसला. नको म्हणायची ती वेळ नव्हती, आणि खरं म्हणजे आत्याबाईंना धरून उतरवायला त्याचाच हात कामी आला.

घर दिसलं तसा त्यांनी तो हात सोडला आणि हेल काढला. आमच्याकडच्या बायका कशा रडतात हे तुम्हाला माहीत आहे. नुसतं रडणं नसतं ते, बोलणं असतं. भावाला हाका मारत त्या अंगणातून चालल्या होत्या. पावसात पाय मोडलेलं कोकरू खांद्यावर घेऊन तू आल्ता, मी तुला दूध तापवून दिल्तं. माह्या सासरी मला न्यायला आल्ता अन् बाहेरच उभा राह्यला, आत ये म्हणलं तर लाजला. आता काहून लाजतो, ऊठ की. प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज वर चढायचा आणि तुटायचा. आतल्या बायकांनी तो उचलला. मी पाहिलं, जर्मन म्हातारा टोपी हातात घेऊन भिंतीला टेकला होता. त्या दिवशी त्याने बोट वर केलं नाही.

चार-सहा दिवसांनी, दुपारी, मी पेपर तपासत होते आणि आत्याबाई तुरीची डाळ निवडत होत्या. वरून आवाज आला. आधी मला कळेना. मग पेन खाली ठेवलं. आत्याबाईच रडत होत्या. खाली त्या माझ्यासमोर बसलेल्या आणि वर त्यांचंच रडणं. 'पाय मोडलेलं कोकरू' पर्यंत यायचं, थांबायचं, मागे जायचं, पुन्हा तेच.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. गुडघे धरून त्या जिना चढल्या. मी मागे.

दार उघडंच होतं. तो टेबलाशी वाकून सुरांच्या पाच-पाच रेघांवर काहीतरी लिहीत होता. आम्हाला पाहून त्याने यंत्र बंद केलं, पण उशीर झाला होता.

"त्याला इचार," आत्याबाई म्हणाल्या, "माह्या भावाला किती येळा मारणार हाय?"

मी सांगितलं. तो उभा राहिला. त्याचा लाल चेहरा पांढरा झालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्या दिवशी यंत्र खिशात नेहमीसारखं चालू होतं, तो म्हणाला, आणि लक्षात आल्यावरही त्याने ते बंद केलं नाही. नवीन ऑपेराच्या शेवटी एका बाईचा मुलगा मरतो. तो शेवट त्याला कितीतरी दिवस जमत नव्हता. "मी आयुष्यभर रंगमंचावर माणसं मारत आलो," तो म्हणाला, "आणि त्यांच्यासाठी एकदाही कोणी खरं रडलं नाही. सगळे सुरात रडले. मला वाटलं, हे घेतलं तर..."

मी भाषांतर करत होते आणि मला त्याचा राग येत होता. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"माह्या भावाला तिकडं तमाशात न्हाई न्यायचं," त्या म्हणाल्या.

त्याने वाद घातला नाही. यंत्र आमच्यासमोर धरून रेकॉर्डिंग पुसलं. मग लिहिलेले कागद फाडले. ते मात्र त्याला जड गेलं.

"गेलं का?" आत्याबाईंनी विचारलं.

"गेलं."

"डोस्क्यातून?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "ते जात नाही."

"तेवढं राहू दे," त्या म्हणाल्या आणि जिना उतरायला वळल्या. तो हात द्यायला पुढे आला. त्यांनी घेतला.

हंगाम संपल्यावर ते दोघे गेले. वरच्या मजल्यावर विम्याचा एजंट राहायला आला. तो दिवसभर फोनवर बोलतो आणि त्याचा एकही आवाज ऐकण्यासारखा नाही.

पुढच्या वर्षी ऑपेरा झाला. मॅडमनी लिंक पाठवली. ह्यांनी टीव्हीला जोडली, मंगलबाईही आल्या. मोटर बंद करणाऱ्या माणसाने काय दिवे लावले ते त्यांना बघायचं होतं. लोखंडी कांबी पडल्या. नळातल्या हवेसारखं काहीतरी झालं. "ह्यापेक्षा माझी मोटर बरी," मंगलबाई म्हणाल्या.

मग मुलाचं मरण आलं. सगळ्या वाद्यवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. आईचं काम करणारी गायिका पुढे आली, तिने तोंड उघडलं, आणि आवाजच नाही. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, ओठ हलताहेत, आवाज नाही. ह्यांनी रिमोट दाबून पाहिला. मंगलबाई म्हणाल्या, नेट गेलं. कितीतरी वेळ तसंच. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की त्याने ती जागा मोकळी सोडली होती. शब्द पाळला होता. मी ह्यांच्या हातातला रिमोट काढून घेतला.

आत्याबाई भडकल्या.

"हिला गप कुणी केलं?"

"आत्याबाई, तुम्हीच नको म्हणाला होतात, म्हणून त्याने..."

"मी माहं नको म्हणले व्हते! हिचं लेकरू गेलं अन् हिला रडू बी देऊन न्हाई राह्यला? लाव फोन त्याला. जल्दी लाव."

लावला. तिकडे तो जेवत होता. आत्याबाई बोलत होत्या, मी इंग्रजीत सांगत होते. तो म्हणाला, तिथे बाकी काहीही लिहिलं तरी खोटं वाटत होतं.

"तर लिव्हतो कशाला? त्या गाणाऱ्या बाईला इचार ना, तिचं कोण गेलंय. तिचं तिला रडू दे."

मग त्याने मला ते वाक्य पुन्हा सांगायला लावलं, शब्द न शब्द. मी सांगितलं. तो मराठीत म्हणाला, "आत्याबाई, बराबर," आणि फोन ठेवला.

पुढचं मॅडमनी कळवलं. त्याने गायिकेला सांगितलं, ह्या जागी मी काही लिहिलेलं नाही, ही तुझी. ती रागावली. मी गाणारी आहे, म्हणाली, घरचं दुःख घेऊन कामावर येत नाही. तिने त्याच्याशी बोलणं सोडलं. शेवटी एका प्रयोगात तिचं तिनेच काय ते ठरवलं आणि ती आपल्या वारलेल्या थोरल्या बहिणीसाठी रडली, लहानपणीच्या गावच्या बोलीत, जी त्या थिएटरात निम्म्यांना कळली नाही. दुसऱ्या शहरातल्या गायिकेने नकार दिला आणि नुसती उभी राहिली. तेही त्याने चालवून घेतलं. वर्तमानपत्रवाल्यांपैकी एकाने लिहिलं, म्हातारा आता कामचुकार झालाय, शेवट गाणाऱ्यांकडून लिहून घेतो.

तो परत आला नाही. मॅडमचं काम संपलं आणि त्याला लांबचा प्रवास झेपेनासा झाला.

बहिणीसाठी रडली त्या प्रयोगाचंही चित्रीकरण आम्ही पाहिलं. या वेळी मंगलबाई पुढे सरकून बसल्या. गायिका रडताना गुडघ्यांवर बसली. तिचं एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं, तरी आत्याबाई मान हलवत होत्या, अंगणातल्या दुसऱ्या बाईचं ऐकावं तशा. मग कॅमेरा फिरला आणि प्रेक्षकांत कडेच्या खुर्चीत तो दिसला. काळा कोट, गळ्याला बो, केस विंचरलेले. ओळखूच येईना. नाक गळत होतं आणि तो ते त्या महागड्या कोटाच्या बाहीला पुसत होता, लहान मुलासारखं, आधी एका, मग दुसऱ्या.

आत्याबाई टीव्हीकडे झुकल्या.

"अगं, एवढे कोटवाले बसलेत त्याच्या आजूबाजूला," त्या मला म्हणाल्या, "एकाच्या बी खिशात रुमाल न्हाई का?"