जबड्यातला आवाज

भंडाऱ्यात दातांच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला होता. पवनीचा विणकर, साठीच्या घरातला. नाव मी विचारलं नाही. बोलताना त्याला किती त्रास होतो ते दिसत होतं. तोंड जेमतेम बोटभर उघडायचं. बोलण्याआधी तो कानापुढे तळहात दाबून धरायचा, आणि तरीही जबड्यातून ‘कट्’ असा आवाज मला स्पष्ट ऐकू यायचा.

मागावर सूत तुटलं की गाठ मारून उरलेलं टोक तो दातांनी तोडायचा. चाळीस वर्षं हेच. एका बाजूची दाढ किडली, तेव्हा ती कुणाला न दाखवता तो दुसऱ्या बाजूनं तोडू लागला, चावूही लागला.

“कैची नव्हती का?” मी विचारलं.

“होती नं. मांडीजवळच राहे. पन कैची उचलाले हात थांबवा लागते.”

कानाजवळ दुखायला लागलं, तर त्यानं कानात लसणाचं तेल सोडलं. आता भाताची पेज तेवढी पोटात जात होती.

“मागातून नवा आवाज आला का मी लगेच काम थांबवून पाहो,” तो म्हणाला. “हा आवाज पाच वर्सं आयकत राहिलो. एक दिवस नाही थांबलो.”

मग माझा नंबर आला. डॉक्टरबाईंनी विचारलं, “दाढ कधीपासून दुखते?”

‘दोन दिवस झाले’ हे उत्तर मी घरूनच ठरवून आणलं होतं.

“दोन वर्षं,” मी म्हणालो.