आठ झेंडेवाल्या आणि एक साहेब

घरी कुणी नवा पाहुणा आला की माझी ओळख अजूनही "हे विमान चालवायचे" अशीच करून देतात. पाहुणा आधी माझ्याकडे आदराने बघतो, मग छताला लागलेल्या ओलीकडे बघतो, मग दारात उभ्या असलेल्या सायकलकडे. कुठेतरी काहीतरी जुळत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. आता पोरं मोठी झाली आहेत, तेव्हा एकदा न बदलता सांगून टाकतो.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, धुळ्याच्या डेपोत एसटी ड्रायव्हर होते. धुळे–अमळनेर ही त्यांची ठरलेली गाडी. विमान शिकायला मला अर्धी शिष्यवृत्ती मिळाली आणि उरलेल्या अर्ध्यासाठी नानांनी चार वर्षं डबल ड्युट्या केल्या. क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा असा झाला होता की गाडीतून उतरताना आधी हात, मग उजवा पाय आणि बऱ्याच वेळाने, नाइलाज झाल्यासारखा, डावा पाय खाली यायचा. मला परवाना मिळाला त्या दिवशी त्यांनी डेपोत पेढे वाटले. एका मेकॅनिकने विचारलं, "मग नाना, आता पोरगा पायलट, तुम्ही कशाला धूळ खाता?" नाना नुसते हसले. पण ते वाक्य त्यांनी मनात ठेवलं, हे मला नंतर कळलं.

परवाना मिळाला, नोकरी मिळेना. विमान कंपन्यांची पत्रं फार सभ्य असत. आपला अर्ज नोंदवून घेतला आहे, आपल्याला उड्डाणाचे आणखी तास लागतील. तास कुठून आणायचे? उडून. उडायला कोण देणार? ज्याच्याकडे तास आहेत त्यालाच देतात. या वर्तुळात मी एक वर्ष फिरलो. शेवटी कपाशीवर विमानातून औषध फवारणाऱ्या एका फर्मने मला घेतलं. मुलाखत पाच मिनिटांची झाली. त्यातली चार मिनिटं फर्मचा मॅनेजर मला सांगत होता की पायलट म्हणजे राजा माणूस. पाचव्या मिनिटाला पगार सांगितला. पगार असा नव्हताच. जितके एकर फवारू तितके पैसे. पाऊस आला, वारा सुटला, विमान बिघडलं तर पैसे नाहीत. राहण्याची सोय फर्मची, खोलीभाडं मात्र माझं. गणवेश आपापला.

गणवेशासाठी मी धुळ्यातल्या आमच्या शिंप्याकडे गेलो. खांद्यावर सोनेरी पट्ट्या पाहिजेत म्हटल्यावर तो खुलला. त्याच्याकडे तशी फीत होती, लग्नातल्या बँडवाल्यांचे कपडे तोच शिवायचा. ढोलवाल्याची फीत रुंद आणि सनईवाल्याची अरुंद असते, हे मला त्याने समजावून सांगितलं. मी सनईवाल्याची घेतली. त्या पांढऱ्या शर्टात आईने मला देवापुढे उभं केलं आणि नानांनी लांबूनच, पण पुष्कळ वेळ, बघितलं.

आमचा तळ अमळनेरच्या अलीकडे, रस्त्यापासून दोन मैल आत होता. धावपट्टी म्हणजे गावचं गायरान. उतरण्यापूर्वी एक फेरी मारून म्हशी हाकलाव्या लागत. राहायला एका बंद जिनिंगची, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या गिरणीची, कोठी होती. हंगाम नसल्याने ती रिकामी होती, पण सरकीचा वास आणि उंदीर मागे राहिले होते. विमान छोटं, एका माणसाचं. पहाटे वारा पडलेला असताना उडायचं, पिकावरून दहा-बारा फुटांवर सरळ जायचं, शेवटी बाभळी आणि तारा चुकवून वर उठायचं, वळायचं, पुन्हा तसंच. तोंडाला मास्क मागितला तर मॅनेजर म्हणाला, "ओला पंचा बांधा, उत्तम काम देतो." पंचा बांधूनही डोळे चुरचुरत. जेवताना भाकरीलाही औषधाची चव लागे. सनईवाल्याचा शर्ट आठवड्यात पिवळा पडला.

वरून दिसायला सोपं जावं म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना चार-चार बाया बांबूला पांढरं फडकं बांधून उभ्या असत. विमान एक पट्टा मारून गेलं की त्या पावलं मोजून पुढे सरकत. औषधाचे तुषार त्यांच्याही डोक्यावर पडत. या आठ जणींची म्होरकी एक अक्का होती. वय साठीच्या आसपास, अंगाने काडी, आवाज मात्र माझ्या इंजिनाला पुरून उरेल असा. मला सगळे साहेब म्हणत, ती पोऱ्या म्हणायची.

मग श्रावणात पाऊस लागला. दोन वर्षांनी असा पाऊस झाला होता. गावात लोक एकमेकांना भेटून हसत होते. अकरा दिवस विमान ताडपत्रीखाली आणि मी कोठीत. सबंध खानदेशात पाऊस थांबावा अशी मनातल्या मनात प्रार्थना करणारा मी एकटाच असेन. लोक येऊन विचारत, "साहेब, वरतून काय दिसतं, अजून पडेल का?" मी म्हणे, "पडेल, पडेल," आणि ते खूश होऊन जात.

सहाव्या-सातव्या दिवशी अक्का फडक्यात भाकरी आणि ठेचा घेऊन आली. उघडीप मिळाली की त्या बाया निंदणीला जात, त्यांचं बरं चाललं होतं. तिने मला खाताना बघितलं, आणि मी जरा घाईनेच खात असणार.

"पानी पडनं ते तुले कितला भेटतस?" तिने आपल्या अहिराणीत विचारलं.

"काही नाही."

"काहीच नही? आनि ते इमान कोनं शे?"

"कंपनीचं."

"ही कोठी?"

"भाड्याची."

"आनि हाऊ बेंडना शर्ट?"

"तो माझा."

"म्हनजे फक्त शर्टच तुना," अक्का म्हणाली आणि उरलेली भाकरीही माझ्याकडे सरकवली.

त्याच आठवड्यात आईचं पोस्टकार्ड आलं. नानांनी राजीनामा लिहून घेतला आहे, डेपोतल्या क्लार्ककडून, टाइप करून. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी देणार. म्हणतात, पायलटच्या बापाने गाडी हाकणं बरं दिसत नाही. गुडघा फार दुखतो, तेव्हा तेही बरंच झालं. तू पोळ्याला ये.

ते कार्ड मी चार वेळा वाचलं. घरी दोन बहिणी शिकत होत्या. नानांच्या पगारावर घर चालत होतं, आणि माझ्या पगारावर, खरं सांगायचं तर, मीसुद्धा चालत नव्हतो. नानांच्या निवृत्तीला अजून सहा वर्षं होती. एक वाक्य बोललं की काम भागणार होतं: नाना, सोडू नका, मला काही मिळत नाही. वाक्य लहान आहे. मी ते कोठीत मोठ्याने म्हणून बघितलं. उंदरांपुढे छान जमलं.

पाऊस उघडला त्या पहाटे मॅनेजर जळगावहून जीपने आला. जळगावच्या लॉजमध्ये त्याची राहण्याची सोय होती, तिचं भाडं फर्म देई. आठही बाया अंधारापासून झेंडे घेऊन उभ्या होत्या. आणि नेमका वारा सुटला. तासभर वाट बघून मॅनेजर म्हणाला, "आज रद्द. जा घरी."

अक्काने बांबू जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर बसली. बाकीच्या सात जणीही बसल्या.

"अहो अक्का, विमान उडालंच नाही तर मजुरी कशाची?" मॅनेजर म्हणाला.

"इमान नही उडनं, पन आम्ही ते उभ्या व्हत्या ना? वारा काय मना घरना शे?"

मॅनेजरने घड्याळ बघितलं, जीपकडे बघितलं, बसलेल्या बायांकडे बघितलं. त्याला उद्या पुन्हा झेंडे लागणार होते. "बरं बाई, अर्धी मजुरी. किती जणी आहात?"

"आम्ही आठ," अक्का म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं, "आनि हाऊ नववा."

"हे? अहो, हे पायलटसाहेब!"

"साहेब शे ते काय, पोट नही का त्याले?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या वतीने कुणीतरी भांडत होतं आणि मला फक्त गप्प राहायचं होतं. तेवढंही जमलं नाही. पिवळ्या शर्टावरची सनईवाल्याची फीत सरळ करत मी म्हणालो, "नाही, नाही. माझं तसं काही नाही. मी स्टाफमध्ये आहे."

"बरं, मंग आठ," अक्का म्हणाली.

जीप गेल्यावर ती माझ्याजवळ आली. "तुले देवनी तोंड दिधं, ते काय पंचा बांधाले?" मी फीत पुन्हा एकदा सरळ केली.

पोळ्याच्या दिवशी मी धुळ्याला गेलो. आईने पुरणाचे मांडे केले होते. नाना शेतकऱ्याच्या घरातले, पण आता घरी बैल नाही, म्हणून दर पोळ्याला ते डेपोत जाऊन आपल्या गाडीच्या बॉनेटला कुंकू लावत. ते लावून आले, जेवायला बसले. कोठीतलं ते वाक्य मी पाठ करून आलो होतो. मी म्हणालो, "नाना, एक सांगायचं होतं."

"आधी माझं ऐक," नाना म्हणाले. "राजीनाम्याचं रद्द केलं मी. डेपोवाले सोडत नाहीत. नवी गाडी येते आहे, म्हणतात तुमच्याच हातात देऊ. आणि घरी बसून करू काय? गुडघा तर बसल्यानेच जास्त आखडतो."

मला इतकं हायसं वाटलं की मी आणखी दोन मांडे खाल्ले. वा नाना, म्हटलं, कामाची आवड असावी तर अशी.

"तुझं काय सांगायचं होतं?" नानांनी विचारलं.

"काही नाही. छान चाललं आहे, एवढंच."

"दिसतंय," नाना म्हणाले आणि आईला म्हणाले, "त्याला तूप वाढ अजून."

दुसऱ्या दिवशी तळावर परतलो तर अक्का वाटच बघत होती. तिच्याकडे गोष्ट होती. पोळ्याच्या आधी ती अमळनेरच्या बाजारला गेली होती, एसटीने. ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर, जाळीला लागून बसली होती. गाडी सुरू झाल्यापासून तिने शेजारणीला विमानाची हकीकत ऐकवली: भाकरी, ठेचा, उंदीर, आठ जणी आणि नववा. सगळी गाडी हसली होती.

"ड्रायव्हर मातर हासना नही," अक्का म्हणाली. "गाडी इतली हळू चालाडी त्यानी, कंडक्टर वरडना. मंग जाळीमाईन इचारस, तो पोऱ्या जेवस का? मी सांगं, आम्ही दिधं ते जेवस."

मी पंच्याची घडी घालू लागलो.

"आनि आयक. तो बिचारा नोकरी सोडाले निंघेल व्हता. मी सांगं, बाबा, पक्की नोकरी सोडू नको. आमना पायलटले पाह्य!"

ती बराच वेळ हसत होती. मग माझा चेहरा बघून थांबली. "का रे? वळखस का तू त्याले?"

"ते माझे वडील," मी म्हणालो. त्या हंगामात माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य असावं.

अक्का खाली बसली. पदराने तोंड पुसलं. मला वाटलं ती आता मला बोलेल, किंवा स्वतःला. ती म्हणाली, "मंग बरं झायं. दुसरा कोनी सांगता ते तिखटमीठ लाई सांगता." आणि उठता उठता, "आते तरी बोलशी का तू?"

पुढच्या वाऱ्याच्या दिवशी मॅनेजर बाया मोजू लागला तेव्हा मी रांगेच्या टोकाला बांबू घेऊन उभा राहिलो. नववा. मॅनेजरने मला दोनदा मोजलं. "साहेब, शोभतं का हे?" तो म्हणाला. मी म्हणालो, "शोभत नाही, पण मी तासभर उभा आहे." माझ्या आवाजाला थोडा कंप होता, तो लोकांनी वाऱ्यावर घातला. त्याने अर्धी मजुरी दिली. माझी पहिली हक्काची कमाई मला वैमानिक म्हणून मिळाली नाही, झेंडेवाली म्हणून मिळाली.

पुढे तास भरले, खऱ्या विमान कंपनीतही लागलो. तिथे खांद्यावर खरी फीत होती. बाकी नव्या माणसाचं सगळं, तुटपुंज्या पगारासकट, ओळखीचंच निघालं, फक्त भाकरी आणून देणारी अक्का तिथे नव्हती. ती हकीकत वेगळी आणि तिच्यात म्हशी नाहीत, म्हणून घरात कुणी ऐकत नाही.

नाना पूर्ण सहा वर्षं गाडी चालवून निवृत्त झाले. डेपोत निरोप समारंभ होता. नारळ, शाल, हार. बोला म्हटल्यावर ते उभे राहिले, आधी हात, मग उजवा पाय, मग डावा. म्हणाले, "माझा मुलगा पायलट झाला तेव्हाच मला सोडता येत होतं. पण गाडीची आवड सुटेना, म्हणून राहिलो."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. बाकीचे वाट बघत होते, नानांचं भाषण संपलं की आहे अजून, हे त्यांना कळत नव्हतं. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.